गुन्हा नसलेल्या परगण्यातली चोरी

१

डबा उघडला तेव्हा त्यात हातमोजे नव्हते. शेरीफच्या दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि लगेच हवापाण्याचा विषय काढला.

हाय शेरीफ हर्क्युलीस टिंडल यांनी डब्याचं झाकण अलगद लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं. मग मार्च महिना असल्याचं त्यांनी जाहीर केलं. यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वकील टूहिग यांनी यंदा वारा बराच असल्याची पुष्टी जोडली. फ्रेंच चर्चचे म्हातारे पास्टर गिबाल यांनी नुसतीच मान हलवली आणि ती थांबवायला विसरले.

जुडिथ फ्लरियोनं मात्र भावाकडे पाहिलं. जज्ज आयझॅक फ्लरियोनं हातातला चहाचा कप ना तोंडाला लावला, ना खाली ठेवला.

फिरतीवर आलेल्या जज्जासमोर एकही फौजदारी खटला नसला, तर शेरीफनं त्याला कोकराच्या कातड्याचे पांढरे हातमोजे नजर करायचे, ही जुनी रीत. आयझॅकच्या बरोबरीच्या सगळ्यांना कधी ना कधी ते मिळाले होते. एकाकडे तर तीन जोड होते, पण तो कानानं अधू होता. खटले त्याला ऐकूच आले नसावेत असं आयझॅकचं मत होतं. आयझॅक स्वतः जिथे जाई तिथे आदल्या आठवड्यात हमखास दरोडा पडे. पंचवीसेक वर्षं त्यानं माणसांना तुरुंगात, जहाजावर आणि फासावर पाठवलं. एकदा तरी न्यायासनावर बसावं आणि कुणालाच कुठे पाठवू नये, एवढी एकच इच्छा उरली होती. ही त्याची शेवटची फिरती होती, आणि ती नेमकी त्याच्या जन्मगावी, आयर्लंडमधल्या पोर्टनॅलीला येऊन संपत होती. परगण्यात गुन्हा नव्हता. उद्या सकाळी कोर्ट भरताच हातमोजे मिळायचे होते.

तो जुडिथच्या कानाशी वाकला.

"ताई, हातमोजे चोरीला गेले असतील तर परगण्यात गुन्हा घडला. आणि गुन्हा घडला तर हातमोजे मिळत नाहीत."

"म्हणजे चोर सापडला तरी ते गेले, न सापडला तरी गेलेच."

"म्हणून म्हणतो, चोरी झालेली नाही असं ठरवून चोर शोध."

जुडिथनं भावाच्या सगळ्या निवडणुका सांभाळल्या होत्या. त्या मानानं ही मागणी बरीच समंजस होती. ती उठली, डब्याच्या मेजाकडे दोन पावलं गेली आणि थबकली. पायाखालचा गालिचा पच् असा वाजला होता.

२

गालिचा दर मार्चमध्ये धुतात, असं शेरीफ टिंडल म्हणाले. मग सगळाच का नाही धुतला, असं तिनं विचारलं. ओला होता तो फक्त एक पट्टा, पुढच्या दारापासून मेजापर्यंत आणि मेजापासून पुन्हा दारापर्यंत. शेरीफ म्हणाले, तेवढाच मळला होता.

डब्याशेजारी चांदीची दोन जाडजूड मेणबत्तीदानं होती. त्यांना कुणी बोटही लावलेलं नव्हतं. दुपारच्या जेवणाआधी हातमोजे डब्यात होते, हे टिंडल, टूहिग आणि पास्टर या तिघांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिघंही घरातच होते आणि दोघे पाहुणे बग्गीतून आले होते. बुटांना चिखल लागायला बग्गीत चिखल असावा लागतो.

जुडिथ खिडकीशी गेली. बाहेर बदकांचं खुराडं होतं, बदकं नव्हती.

"बदकं कुठं गेली हो, टिंडलसाहेब?"

"गेली ती. ज्याच्या त्याच्या वाटेनं."

"जाताना खुराड्याचं कुलूपही घेऊन गेली?"

"बदकांचं काही सांगता येत नाही, बाईसाहेब."

टिंडलना ती चांगली ओळखत होती. पार्लमेंटमधल्या पोर्टनॅलीच्या जागेसाठी ते आयझॅकच्या विरोधात उभे राहिले होते आणि एका मतानं पडले होते. मतं तेव्हाही, आतासारखीच, भर चौकात ओरडून द्यायची असत, त्यामुळे ते एक मत त्यांच्या सासऱ्याचं होतं हे गावभर ऐकू गेलं. त्याच रात्री टिंडलनी चौकात आयझॅकचा पुतळा जाळला. पुतळ्याची टोपी आयझॅकच्या टोपीपेक्षा चांगली होती, त्यामुळे त्याचाही जीव हळहळला होता. पुढे आयझॅक सरकारी वकील झाला, जज्ज झाला, आणि टिंडल प्रत्येक पायरीवर त्याच्याविरुद्ध कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्राला पत्र लिहीत राहिले.

असा माणूस आज आयझॅकसाठी कोकराचं कातडं निवडून आणतो, त्याला फीत बांधतो, चहाला बोलावतो. जुडिथनं त्यांना सरळच विचारलं, हे प्रेम कधीपासून?

टिंडल म्हणाले, जुनं उगाळत बसू नये. आणि हे बोलताना त्यांनी त्या ओल्या पट्ट्यावर पाय ठेवला, तो कुणाला दिसू नये म्हणून. त्यांचा पाय बेताच्याच आकाराचा होता. पट्टा दारापर्यंत गेलेला होता.

३

कॉर्नेलियस टूहिग वकील जिरेकेकचा चौथा तुकडा खात होते. परगण्यात गुन्हा नाही म्हणजे वकिलाला जेवण नाही. हिवाळ्यापासून ते उकडलेल्या बटाट्यांवर होते आणि बटाट्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. जुडिथला हा संशयित आवडला. कारण स्वच्छ होतं.

टूहिगनी ते नाकारलंही नाही. चोरीचा विचार मनात आला होता, असं त्यांनी घास गिळून सांगितलं.

"मी चोरले असते तर उद्या त्या खटल्याचं वकीलपत्रही मीच घेतलं असतं."

"कुणाच्या बाजूनं?"

"दोन्ही बाजूंनी, बाईसाहेब. दिवस वाईट आहेत."

पण चांदीची मेणबत्तीदानं सोडून हातमोजे नेणारा चोर भुकेला नसतो, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो जुडिथलाही पटला. भुकेल्याला मेणबत्तीदानाचे आठवडाभर बटाटे मिळतात. हातमोजे उकडता येत नाहीत.

मग टूहिग आयझॅकबद्दल बोलायला लागले, कारण तोंडात केक असताना दुसऱ्याची स्तुती करणं सोपं जातं. तरुणपणी त्यांनी आयझॅकचं पार्लमेंटातलं ते मोठं भाषण गॅलरीतून ऐकलं होतं. सभासद जेवायला गेले, जेवून आले, तरी आयझॅक त्याच वाक्यात होता. वाक्य असं होतं की ज्याची तक्रार आहे तो बूट घालून येवो की अनवाणी, कोर्टाचं दार त्याला उघडं मिळालं पाहिजे. अर्धे सभासद झोपले होते, पण अनवाणी माणसांनी ते भाषण कुठून कुणास ठाऊक, मिळवलं आणि पाठ केलं. या भागात चूल पेटवताना बायका ते म्हणत, असं टूहिगनी सांगितलं.

आणि मग त्यांनी वेळ पाहायला खिशात हात घातला व रिकामाच बाहेर काढला.

"घड्याळ दुरुस्तीला दिलंय?" जुडिथनं विचारलं.

"विश्रांतीला," टूहिग म्हणाले.

दुपारी दिवाणखान्यात कोण आलं, हे विचारल्यावर त्यांनी सांगितलं की ते छताकडे पाहत होते. दुपारभर? दुपारभर. छत फार सुरेख आहे. जुडिथनं मान वर केली. छत साधं पांढरं होतं आणि त्याला एक तडा गेलेला होता.

म्हणजे कुणीतरी आलं होतं. आणि टूहिग तेव्हा इथेच बसलेले होते.

४

पास्टर गिबाल एका कोपऱ्यात बसले होते. त्यांची मान आता थांबली होती. आयझॅकचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते याच गावात नवे पास्टर होते. दर रविवारी ते अजून फ्रेंचमध्ये स्तोत्रं म्हणत. गावात फ्रेंच कळणारं आता कुणी उरलं नव्हतं, त्यांचंही काही वेळा अडे, पण चाल सगळ्यांना येत होती.

त्यांनी आधी पिंपाची गोष्ट काढली. आयझॅकचे पणजोबा फ्रान्समधून, धर्मावरून मागे लागलेल्या राजाच्या शिपायांना चुकवून, पिंपात बसून आयर्लंडला आले, ही फ्लरियो घराण्याची कथा. पिंप सफरचंदांचं होतं, असं पास्टर म्हणाले. आयझॅक निवडणुकीत ते दारूचं असल्याचं सांगे. दारूबंदीवाल्या मतदारांपुढे त्यात पाणी होतं. पणजोबांना खुद्द त्यात काय होतं ते कळलं नव्हतं, कारण आत अंधार होता. घरातून, गावातून, देशातून पळालेल्या त्या माणसाची तक्रार ऐकायला कुठलंच कोर्ट नव्हतं, एवढंच काय ते पक्कं.

जुडिथनं त्यांना बोलू दिलं. मग सहज विचारलं, प्रभुभोजनाचा चांदीचा पेला बरा आहे ना?

पास्टर रडायला लागले.

पेला नाताळानंतर गेला होता. कुणी नेला तेही माहीत होतं. टूहिगचं घड्याळ गेलं, शेरीफची बदकं गेली, सराफाच्या दुकानाची भिंतच अर्धी गेली. पण नाताळापासून पोर्टनॅलीत कुणी एक तक्रार केली नव्हती. मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाची दौत सुकली होती. गावातल्या चोरांना प्रथम आनंद झाला, मग भीती वाटायला लागली; दोघं तर शेजारच्या परगण्यात निघून गेले, की हे लोक एकदम कसला सूड उगवणार कुणास ठाऊक.

"का पण?"

"आयझॅकसाठी, पोरी. शेवटची फिरती. म्हटलं, आपलं पोर एकदा रिकाम्या हातानं न परतो."

जुडिथला गहिवर आला असता, पण तिला एक प्रश्न आधी विचारायचा होता. हे सुचलं कुणाला?

टिंडलसाहेबांना, असं पास्टर म्हणाले. त्यांनीच चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना गोळा करून सांगितलं. फार मनापासून बोलले. मॅलकी डनफीला पुरून सगळे परतले होते, त्याच संध्याकाळी.

"मॅलकी डनफी कशानं गेला?"

पास्टर गिबालनी डोळे पुसले आणि मान वर केली. तेही आता छताकडे पाहायला लागले.

५

जुडिथ बाहेर पडून चौकात आली तेव्हा बाजार उठत आला होता. कालव्याच्या बाजूला मॅलकीची विधवा ऑनोरा डनफी अंडी विकत बसली होती. जुडिथनं तिला लांबूनच ओळखलं. पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्याकडे बघायचं नाही असा सगळ्या बाजाराचा एकमुखी निर्णय दिसत होता. कसाई तिच्याशी भाव करत होता आणि चर्चच्या घड्याळाकडे पाहत होता. एक बाई तिच्याकडून अंडी मोजून घेत होती, डोळे मिटून. पोलीस शिपाई शेजारीच उभा होता आणि पाण्यात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

ऑनोराच्या अंगावर दलदलीतून आलेल्या माणसाचा तपकिरी चिखल होता, गुडघ्यापर्यंत. हातात कोकराच्या कातड्याचे पांढरेशुभ्र हातमोजे होते, फीत अजून मनगटाला लोंबत होती. ती त्या हातांनी अंडी उचलत होती.

जुडिथ तिच्यासमोर बसली.

"किती वेळ घालून बसलीयस?"

"दुपारपासून," ऑनोरा म्हणाली. "पुढच्या दारानं गेले. पाय नाही पुसले. वकीलसाहेब होते बसलेले, त्यांना म्हटलं, चोरतेय हां मी. ते वर बघायला लागले. मग या शिपाईदादाकडे आले. म्हटलं, पकड. तर म्हणतो, छान दिसतात, मावशी."

शिपायानं पाण्यात आणखी खाली पाहिलं.

जुडिथनं विचारलं, हे कशासाठी. उत्तर तिला निम्मं कळलेलंच होतं. ऑनोरानं एक अंडं पुसलं आणि सांगितलं. शेरीफसाहेबांचा भाचा लायनेल पिऊन बग्गी पळवत होता, शर्यत लावून. मॅलकी रस्त्याच्या कडेनं चालला होता. बग्गी थांबली, लायनेलनं खाली उतरून चाक पाहिलं, चाक ठीक होतं, म्हणून तो पुढे गेला. सरकारी पाहणी झाली आणि ठरलं की मॅलकी रस्त्यावर आडवा पडल्यानं मेला. ती मॅजिस्ट्रेटकडे गेली. दौत सुकली होती. पुन्हा गेली. जजसाहेबांची फिरती होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणाले. आणि फिरती संपताच सुटणाऱ्या अमेरिकेच्या जहाजाचं लायनेलचं तिकीट काढलेलं होतं.

"फिर्यादी म्हणून आत घेईनात," ऑनोरा म्हणाली. "म्हटलं, आरोपी म्हणून जावं. आरोपीला तर न्यावंच लागतं ना कोर्टात?"

"सात वर्षं काळ्या पाण्यावर पाठवतील तुला."

"पाठवू दे की. पण पाठवण्याआधी विचारतात म्हणे, काही सांगायचंय का?"

जुडिथनं दोन अंडी विकत घेतली. खरंतर तिला ती नको होती. शेरीफचं कोडं सुटलं होतं. त्यांनी चोर लपवण्यासाठी गालिचा धुतला, कारण चोर पकडला की तो बोलणार होता. हातमोजे आयझॅकसाठी घेतलेले नव्हतेच. त्या पांढऱ्या कातड्यानं एक मेलेला माणूस झाकायचा होता. आणि सगळ्या गावानं, आयझॅकवरच्या मायेनं, त्याचं एकेक टोक धरलं होतं.

उरलेली अडचण वेगळी होती. हे आयझॅकला सांगितलं नाही, तर उद्या तो आयुष्यात पहिल्यांदा कुणालाच कुठे न पाठवता घरी येईल.

६

जेवणाच्या वेळी तिनं सांगितलं. आयझॅकनं सगळं ऐकून घेतलं. मटणाचा एक तुकडा तो फार वेळ चावत राहिला. मग म्हणाला की तुकडा वातड आहे, आणि उठून झोपायला गेला. रागावला की नाही, जुडिथला कळलं नाही. लहानपणीही कळत नसे.

सकाळी कोर्ट खचाखच भरलं. गुन्हा नाही हे बघायला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. शेरीफ टिंडल पुढे आले. त्यांच्या हातात मखमली उशी होती आणि उशीवर हातमोजे होते, नवे. हातमोजेवाल्या बाईंनी पहाटेपर्यंत बसून दुसरा जोड शिवला होता. परगणा निष्कलंक आहे, असं टिंडलनी खणखणीत आवाजात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर गिबालनी तर दोनदा वाजवल्या.

आयझॅकनं उशीकडे पाहिलं. गर्दीत बसलेली जुडिथ त्याच्या हातांकडे पाहत होती. हात पुढे करायचा, एवढंच बाकी होतं.

"सुंदर आहेत," आयझॅक म्हणाला. "पण काल डब्यात दुसरे होते म्हणे. ते चोरीला गेले का, शेरीफसाहेब?"

टिंडलनी उशी कारकुनाच्या मेजावर ठेवली. चोरीला गेले म्हणावं, तर आत्ताच भर कोर्टात सांगितलेला निष्कलंक परगणा गेला. तो गेला की सुकलेली दौत ओली होणार, आणि दौतीतून आणखी काय काय निघेल याचा भरवसा नव्हता.

"नाही, माय लॉर्ड. चोरीला नाही गेले."

"मग?"

"दिले. मी. कुणाला तरी."

"कुणाला?"

टिंडलनी छताकडे पाहिलं. कोर्टाला छत होतं, पण मदत करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागच्या बाकावर ऑनोरा डनफी उभी राहिली. लोकांनी सवयीनं माना वळवल्या.

"या बाईंना का?" आयझॅकनं विचारलं.

"त्यांनाच," टिंडल म्हणाले. "भेट म्हणून."

"लिहून घ्या," आयझॅक कारकुनाला म्हणाला. "शेरीफसाहेबांनी बाईंना हातमोजे भेट दिले. बाईंवर कसलाही आळ नाही. दौतीत शाई आहे ना? बघा. नसेल तर आणा, आम्ही थांबतो."

शाई आणायला माणूस धावला. टूहिग वकील उठून उभे राहिले होते; ते का उठले हे त्यांनाही ठाऊक नसावं. मग त्यांनी बाईंचं वकीलपत्र आपण घेतो असं सांगितलं, आणि खाली बसताना एकाच बाजूचं, असंही सांगितलं. टिंडल दाराकडे निघाले होते. आयझॅकनं त्यांना बसायला सांगितलं आणि लायनेलला बंदरावर गाठायला घोडेस्वार पाठवला. मग ऑनोराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं.

ती आली. चोपदारानं बायबल पुढे धरलं. शपथ घेताना हात उघडा लागतो, मोजा काढा असं सांगायचं काम चोपदाराचं. पण चोपदार पोर्टनॅलीचाच होता. त्याला मोजा दिसत नव्हता. तो बायबल धरून भिंतीकडे बघत राहिला. सगळं कोर्ट भिंतीकडे बघत होतं.

आयझॅकनं उशी बाजूला सरकवली. ती कारकुनाच्या मेजावरून घरंगळली आणि नवे हातमोजे जमिनीवर पडले. कुणी उचलले नाहीत.

"बाई," तो म्हणाला, "उजव्या हातातला मोजा काढा."

ऑनोरानं फीत सोडली, मोजा काढला आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला. तिच्या हाताच्या रेघांत दलदलीचा चिखल सुकलेला होता. माना एकेक करून वळल्या. तिनं तो हात बायबलवर ठेवला.

कोर्टात शेगडी पेटवायची राहून गेली होती. आयझॅकनं आपले दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांवर फुंकर घातली, ते एकमेकांवर चोळले आणि लेखणी उचलली.

"हं," तो म्हणाला. "बोला."